मूळ नोंदणी

पेन म्हाताऱ्याच्या हातात. सही अजून व्हायची होती.

टेबलावर मलमाची डबी. झाकणावर त्याच्या बायकोचा चेहरा, हनुवटीवरच्या तिळासकट. दोन वर्षांपूर्वी हा ट्रेडमार्क त्यानं आधी इथं नोंदवला होता, आणि त्याच्याच जोरावर, एकाच अर्जात, नऊ परदेशांत. थोरला मुलगा इथं विकायचा. धाकटा तिकडं.

"काका, पुन्हा सांगतो," वकील म्हणाला. "इथली नोंदणी हे मूळ. पहिल्या पाच वर्षांत ती अशी सही करून मागे घेतली, की तिच्यावर उभ्या असलेल्या तिकडच्या सगळ्या आडव्या होतात. देशादेशांतला करारच तसा आहे."

"तेच हवंय," थोरला म्हणाला. "आई अंथरुणाला खिळली, तेव्हा धाकट्या साहेबांना तिकडच्या धंद्यातून सवड नव्हती. आता आईच्या तोंडावर धंदाही नको. इथं मी नवीन चित्र लावतोय."

वकिलानं चष्मा काढला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, प्रत्येक देशात स्वतंत्र नोंदणी करा."

"वेगळं काढलं की पोरं वेगळी होतात," म्हातारा म्हणाला. "म्हटलं, दोघं एका खुंट्याला बांधलेले बरे."

सही अजून व्हायची होती.

"आणि नाही केली तर?"

"नका करू! उद्यापासून गोळ्या द्यायला, रात्री उठवून न्यायला धाकट्याला बोलवा." थोरला हसला. मग हसू थांबलं. "मी एकटाच होतो हो, बाबा. तिच्या उशाशी मी एकटाच."

म्हाताऱ्यानं डबी उलटी ठेवली.

झाली सही.

जिन्यात थोरल्यानं त्याचा दंड धरला. "सावकाश. पायरी ओली आहे."

खिशात फोन वाजला. धाकटा. रोज याच सुमाराला.

"बाबा, आणखी एका शहरात दुकान मिळालं! काचेवर आईचा चेहरा लावलाय, दारापेक्षा मोठा. लोक थांबून बघतात. कर्ज काढलं, पण म्हटलं, आईला कोपऱ्यात नाही बसवायचं. तुम्ही याल ना बघायला?"

म्हातारा कठड्याला टेकला. दंडावरची पकड तशीच होती. घट्ट, मायेची.

"जेवलास का रे?" त्यानं विचारलं.