फुगवट्यावरची जाळी

मुंजाजी सापडला तो तिसऱ्या जाळ्याच्या वेळी. दिवस नुकता उगवला होता. गोदावरीवरच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यातून, ट्रकच्या ट्यूबवर बसून तो एका हातानं पाणी मारत काठाला आला. त्याच्या मांडीवर नायलॉनचं ओलं जाळं होतं आणि जाळ्यात दोन मेलेली बदकं.

उमाजी काठावर उभाच होता.

"कशापायी केलं, मुंजाजीबा?"

म्हाताऱ्यानं ट्यूब ओढून बाभळीला टेकवली. "सापडलो न्हवं? आता तुला करायचं ते कर."

सोनपेठ तालुक्यातल्या तळपिंपरीनं तीन वर्षांपूर्वी पक्षी समिती काढली होती. बंधाऱ्याचं पाणी गावाशेजारी पसरलं होतं. हिवाळ्यात त्यावर चक्रवाक बदकं उतरत, कधी रोहित पक्षी. ते बघायला परभणीहून, पुण्याहून पाहुणे येऊ लागले. निवृत्त शिक्षक माधवराव समितीचे अध्यक्ष झाले. धनगराच्या उमाजीनं ऐंशीतली सत्तर मेंढरं विकून नाव घेतली आणि तो पाहुण्यांना पाण्यावर फिरवू लागला. बारमाही राहणारे पक्षी काठच्या गवतात अंडी घालतात म्हणून समितीनं ते कुरण चराईला बंद केलं. त्या उन्हाळ्यात चाऱ्यावाचून घरची कोकरं मेली. उमाजीच्या बायकोनं, कासाबाईनं ती एकेक करून पुरली.

यंदा मात्र पाण्यात जाळी निघू लागली. शाळेची सहल आली त्या दिवशी एक बदक गळफास लागल्यासारखं लटकलेलं होतं. मुलं रडू लागली, सहल अर्ध्यातून परत गेली. पुन्हा असं झालं तर नावेची परवानगी जाईल, असं वनखात्यानं बजावलं.

शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. मुंजाजी खाली मांडी घालून बसला. चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस. गेल्या साली अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला.

"मुंजाजी, तुमचं काय म्हणणं आहे?" माधवरावांनी विचारलं.

"जाळं माझ्या हातात गावलं. आता काय म्हणू, मास्तर?"

"आणखी कोण होतं तुमच्याबरोबर?"

"कुनी न्हाई."

त्यानं यापुढं पाण्यात उतरायचं नाही, असं ठरलं. मुंजाजी मान हलवून उठला.

घरी कासाबाई भाकरी थापत होती. "त्येला जाळं लावताना बघितलं का तुमी?"

"काढताना बघितलं की. लावल्याबिगर काढायलाय का?"

"दादा माझ्या माहेरचा हाय. लहानपनापासून बघते मी त्येला. तसला न्हाई तो."

"माहेरचा हाय म्हनून पाप धुतलं जातं का?"

तिनं भाकरी उलटली. ती करपली होती.

चार दिवसांत पुन्हा एक चक्रवाक जाळ्यात मेलेला सापडला. मुंजाजी पहाटे ट्यूब घेऊन पाण्यात जाताना गावातल्या दोघांनी पाहिला होता. उमाजी पोलिसांत गेला नाही. पोलीस येणार, पंचनामा होणार, पेपरात छापून येणार आणि उरलेले पाहुणेही तुटणार, असं त्याला वाटलं. हे त्यानं स्वतःच मिटवायचं ठरवलं.

सोनपेठच्या बाजारादिवशी मुंजाजी घरी नव्हता. उमाजी त्याच्या खोपटामागं गेला. पोतं शिवायच्या दाभणानं त्यानं ट्यूबच्या जुन्या ठिगळाला दोन बारीक भोकं पाडली. हवा एकदम जाणार नव्हती. म्हातारा थोडा आत जाईल, भिजून माघारी येईल, पुन्हा नाद करणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. लुळ्या हाताची त्याला आठवणच झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंजाजीचं प्रेत पाणगवतात सापडलं. पायाला जाळं गुंडाळलेलं होतं.

बेकायदा जाळी लावताना बुडाला, अशी नोंद झाली. ट्यूब जुनीच होती, तिच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. मातीला गावातली सात-आठ माणसं गेली, त्यात कासाबाई होती. परत आल्यावर दोन दिवस तिच्या पोटात अन्न गेलं नाही. माहेरचा माणूस गेला, होणारच, असं उमाजीला वाटलं. त्या दिवसापासून नाव चालवताना पाणगवताच्या अंगाला तो जातच नसे.

पण जाळी थांबली. आठवडा गेला, महिना गेला, एकही निघालं नाही. गावाची खात्री पटली. पाहुणे परत येऊ लागले. एका सकाळी तर तीनशे चक्रवाक मोजले. उमाजी नावेत उभा राहून ते बघत राहिला. एका जिवावर एवढे जीव वाचले, असं त्यानं मनाला पुन्हा पुन्हा सांगितलं. हळूहळू मन ते मानू लागलं.

शाळेत माधवरावांनी त्याचा सत्कार केला. "उमाजीनं पहारा दिला म्हणून हे पाणी जिवंत राहिलं," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. शाल खांद्यावर घेऊनच उमाजी घरी आला.

कासाबाई अंगणात बसली होती. तिनं शालीकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"पेढं वाटलं शाळेत, तुझं तोंड गोड झालं का न्हाई?" उमाजीनं विचारलं. "आता कसली काळजी न्हाई. जाळी बंद झाली."

"बंद व्हनारच."

"म्हंजे?"

ती जमिनीकडं बघतच बोलू लागली.

"पावणे यायचे थांबले की कुरण मोकळं हुईल, आपली मेंढरं परत येतील, असं वाटलं मला. दादा हात जोडायचा, म्हनायचा, बाई, सोड हे, कुनाला सांगत न्हाई मी. मी ऐकलं न्हाई. मग रोज पहाटं तोच पान्यात जायचा, माझी जाळी काढायला."