मागच्या गॅलरीतला नळ

पहाटे तांब्या घेऊन मी मागच्या गॅलरीत गेले, तर नळाच्या जागी प्लास्टिकचं बूच!

"काल तू कीर्तनाला गेलीस तेव्हा प्लंबरने बंद केला," उठल्यावर मुलगा म्हणाला. "घराचं काम निघालंच आहे, तर वापरात नसलेल्या लाइन बंद केल्या. तो नळ कोण वापरतं, आई?"

देवांच्या अंघोळीचं पाणी मी रोज तिथूनच भरते. पण मला विचारतो कोण? आई कुठे नाही म्हणते!

रिकामा तांब्या देवापुढे ठेवून मी जपाला बसले.

"आई, चहा?"

"पूजेआधी गॅस पेटत नाही आपल्याकडे."

"मग सिंकचं पाणी घे ना!"

"उष्टी भांडी घासतो तिथलं? देवाला?" माझा आवाज चढला नाही; मी माळेचा पुढचा मणी ओढला. "तू झोपलेला असताना या घरात जे होतं, ते तुला वापरात नसलेलंच वाटणार, बाळा."

मग त्याने प्लंबरला फोन लावला.

"मागचा नळ परत बसवायचाय. आत्ताच या. आणि हो, चहा तिकडूनच पिऊन निघा. इथे आधी नळ, मग चहा."