बाबांची सही

विषाणू फुप्फुसात शिरला की प्रतिकारशक्ती रक्तात इशारे सोडते. ते वाचून पेशंट पुढे गंभीर होणार का, हे पहिल्याच दिवशी सांगणारी तपासणी लेकीने आठ वर्षं खपून तयार केली. खात्रीसाठी जुन्या साथीतले गोठवलेले नमुने काढले, तर त्यांत तिच्या आईच्या रक्ताचीही नळी निघाली. तिने बाबांना तसं कळवलं.

त्या साथीत आई दवाखान्यात होती तेव्हा डॉक्टर म्हणत होते, "दोन दिवस इथेच राहू द्या." पण आईने घरी जायचा हट्ट धरला आणि बाबांनी 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' या कागदावर सही केली. पाचव्या दिवशी आई गेली. तो कागद बाबा अजून पाकिटात बाळगून होते.

मशीनवर आकडा आला. धोक्याच्या रेषेच्या तिप्पट. असे पेशंट दवाखान्यातच राहिले, तर बहुतेक वाचतात. लेक भिंतीला टेकून खालीच बसली. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"आईचं काय निघालं गं? तिथेच ठेवली असती तर वाचली असती का?"




"नाही हो बाबा. आकडा अगदी साधा आलाय. तिथे ठेवूनही कुणाला काही कळलं नसतं. जेवून घ्या आता."