पट्टा हिरवा असेपर्यंत

"आई, हातातला पट्टा हिरवाच आहे ना? मग झालं," प्रसन्न पुण्याहून फोनवर म्हणाला.

"अरे, पण मला आतूनच वाटतंय, आता फार नाही राहिलं. एकदा येऊन जा ना."

"मरण जवळ आलं की पट्टा आठवडाभर आधी लाल होतो, आणि मला लगेच कळतं. तेव्हा सुट्टी टाकून येतोच की!"

हल्ली सगळेच असं करायचे. पट्टा लाल झाल्याशिवाय गावाकडे कोणी फिरकत नव्हतं.

"बरं. कोंबड्या मी शेजारच्या शकूला देऊन टाकल्यात," आई म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच!" तो चिडला.

दोन दिवसांनी शकूताईचा फोन आला. तो पोचला तेव्हा आई गेलेली होती, आणि मनगटावरचा पट्टा अजून हिरवाच होता.

"मला आधी का नाही कळवलंत?" तो शकूताईवर ओरडला.

"कळवणारच होते रे. काल सकाळीच त्या म्हणाल्या, शकू, आज मी जाणार. मी फोन घेतला, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, नको गं, परत चिडेल माझ्यावर."