विरोधात कोण?

मिनेसोटातल्या आमच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः बघणाऱ्या छोट्या गावात, एकेकाळी तीनशे बारा माणसं राहायची. आता आम्ही एकोणीस उरलोय. म्हणून मार्चच्या वार्षिक सभेत ठराव आला, की टाउनशिप मोडायची आणि शेजारच्या टाउनशिपमध्ये मिसळून टाकायची.

बडबडायला सगळे पुढे, हात मोजून लिहायला मात्र मी एकटी. माझ्या टेबलामागे खिडकी आहे, आणि खिडकीबाहेर दफनभूमी.

"ठरावाच्या बाजूने?"

अठरा हात वर झाले. एकोणिसावा माझा.

"झालं! कॉफी ओता," म्हातारा ऑर्विल म्हणाला.

"दम धर की जरा. नियमाप्रमाणे विचारू दे. विरोधात कोण?"

एकही हात वर झाला नाही. पण कॉफीसाठी कुणी उठलंही नाही. खुर्च्यांची करकर थांबली. केक कापणारी लव्हॉन सुरी तशीच धरून बसली. सगळे माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत होते.

"काय लिहू? शून्यच ना?"

ऑर्विलचे ओठ नुसतेच हलत होते.

"थांब, आर्डिस," तो हळूच म्हणाला. "मागे वळू नकोस. अजून मोजून व्हायचंय."