नवरदेवाच्या आईचं गाणं

“गाण्यात सगळ्यांना शिव्या घाल. मामाला घाल, मला घाल, भटजींना घाल,” राजदई म्हणाली. “फक्त नवरदेवाच्या आईचं गाणं म्हणायचं नाही. म्हटलंस, तर त्या फाटकातून बाहेर.”

सुमिंत्राने मान हलवली. आठवड्यातली ही तिसरी मतिकोर. घसा बसला होता, गुडघे कुरकुरत होते. हल्ली ‘चटणी’ म्हणतात ती नाचरी गाणी गायला स्टेजवर झगमगीत मुली असतात. तिच्यासारखीला बोलावतात ते मतिकोरीला, लग्नाआधीच्या या बायकाबायकांच्या धिंगाण्याला. तेही पेनालसारख्या, पणजे जहाजानं येऊन राबले त्या उसाच्या गावात.

“एकटीच आलीस?” राजदईनं विचारलं.

“आता एकटीच येते.”

घर नवं होतं, खांबांवर उभं. खाली फुलौरीच्या भज्यांच्या कढईजवळ दोन पोरी कैरीची चटणी मिक्सरमध्ये फिरवायला निघाल्या होत्या.

“पाणी पाणी होईल गं. द्या इकडे.”

भिंतीला टेकवलेला जुना पाटा सुमिंत्राने आडवा केला, डाव्या कोपऱ्याखाली करवंटीचा तुकडा सरकवला आणि वाटायला बसली. कैरी, लसूण, मिरची, कोथिंबिरीच्या वासाची शाडोबेनीची पानं. राजदई जरा वेळ बघत उभी राहिली. मग वर निघून गेली.

“एवढ्या का गं भडकल्या आत्याबाई?” एका पोरीनं विचारलं.

“नरीनदादाची आई त्याला पाळण्यात टाकून गेली ना,” दुसरी कुजबुजली. “खरंच ढोलकवाल्याबरोबर! गाण्यात असतं तस्संच. आत्यानंच वाढवलं त्याला.”

“अजून एक मिरची दे,” सुमिंत्रा म्हणाली.

ऊन उतरलं तशी ढोलक घुमू लागली. मामा झाला, भटजी झाले, राजदईच्या ढेरीवर दोन कडवी झाली. बायका डोक्यावर लोटा धरून कंबर हलवत होत्या. मधोमध पाटावर नवरदेव नरीन, खांद्यापर्यंत हळद माखलेला.

“आईचं! आईचं राहिलं!” कुणीतरी ओरडलं. आणि जीभ चावली.

राजदई उठून उभी राहिली.

“म्हण ना, मावशी,” नरीन म्हणाला. हसत होता, पण हसू ओठांपुरतंच. “प्रत्येक नवरदेवाच्या आईला आज शिव्या पडतात. माझ्याच आईला कुणी विचारू नये?”

सुमिंत्राने राजदईकडे पाहिलं. ती पुन्हा खाली बसली.

सुमिंत्रा गायली. आई नटली, आई मुरडली, चुलीवर दूध ठेवून ढोलकवाल्यामागं पळाली. दूध उतू गेलं, पोर रडून निजलं, आईनं मागं वळून नाही बघितलं. बायका हसून लोळल्या. नरीन पिवळ्या हातांनी डोळे पुसत ओरडला, “अजून! अजून घाला तिला!” तिनं घातल्या. कुणी कधी ऐकली नव्हती अशीही कडवी निघाली. शेवटी आवाजच फाटला.

नरीन गायिकेच्या पाया पडला. तिच्या पावलांना हळद लागली.

तिनं पिशवी उचलली आणि कुणी सांगायच्या आधी फाटक गाठलं. मागून राजदई आली, हातात चटणीची बाटली.

“म्हटलं मी गाणं. चालले,” सुमिंत्रा म्हणाली.

“रविवारी लवकर ये. वरात निघण्याआधी त्याला ओवाळायचंय.” राजदईनं बाटली तिच्या हातात कोंबली. “आणि चटणी तूच वाट. त्या पाट्याचा लंगडा कोपरा आपल्या दोघींनाच ठाऊक आहे, वहिनी.”