स्ट्राउड मैदान

अलाबामातल्या एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाला कोच व्हर्लिन स्ट्राउड यांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा पाटीवरचा पडदा त्यांच्या जुन्या खेळाडूनं, ओडेल मेब्रीनंच सरकवावा, असा हट्ट त्यांनी धरला. उभ्या कारकिर्दीत कोचना एकच मोठा चषक मिळाला, आणि तो ओडेलनं मिळवून दिला होता. आमंत्रण द्यायला म्हातारा स्वतः त्याच्या घरी गेला.

दार ओडेलच्या बायकोनं, शार्लीननं उघडलं.

"या, कोच. पण फार आशा ठेवू नका. अजून पन्नाशीही गाठली नाही, आणि पोटच्या मुलींना ओळखत नाही तो. मैदानावर टकरा घेऊन घेऊन मेंदू कामातून गेलाय, असं डॉक्टर म्हणतात."

"मला ओळखेल गं पोरी. माझा वाघ आहे तो."

"तुमच्या वाघाच्या बुटांच्या नाड्या मी बांधते, कोच."

कोच आत गेले. ओडेल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दुखरे गुडघे टेकून ते त्याच्यासमोर बसले, त्याचा हात हातात घेतला आणि हळूच हाक मारली. ओडेल त्यांच्याकडे कितीतरी वेळ नुसता बघत राहिला. मग त्याच्या डोळ्यांत ओळख उतरली, तशी दारात उभ्या शार्लीननं तोंडावर हात दाबला. खुर्चीला धरून तो धडपडत उठला आणि छाती काढून ताठ उभा राहिला.



"डोकं अजिबात दुखत नाहीये, कोच. शप्पथ. मला बाहेर बसवू नका."